सील शाबूत, माल कमी

ती. वन्सं यांस,

भावजयीचा नमस्कार. (समोर मी तुम्हाला ताईच म्हणते, पण पत्रात वन्सं लिहिलं की हाताला जरा शिस्त येते आणि तक्रारीला वजनही येतं.) तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना जास्त दुखतो की उतरताना, ते नक्की कळवा, कारण त्यावर आमच्याकडे दोन मतं आहेत आणि तुमच्या बंधूंनी हा मुद्दा वहीत ‘प्रलंबित’ म्हणून लिहून ठेवला आहे. तुमच्या यजमानांचा खोकला थांबला असेल. आम्ही दोघं ठीक आहोत. माझी पाठ अधूनमधून बोलते, पण शिवणकाम करणाऱ्या बाईची पाठ गप्प बसली तरच काळजी करायची, असं मी मानते.

आता मुद्द्याचं. यजमानांनी त्यांच्या ओळखीच्या तराजूच्या कारखान्यात तुमच्या बंधूंसाठी शब्द टाकला, त्याबद्दल त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. तयार झालेला प्रत्येक काटा गाडीत चढायच्या आधी तपासायचा, एवढंच काम. राहायला खोली, रविवारी सुट्टी, आणि इथून सहा तासांचं अंतर. (ते सहा तास मला सगळ्यात जास्त आवडले.) होकाराचा कागद सही होऊन महिनाअखेरच्या आत तिकडे पोचायला हवा. आज एकोणीस तारीख. कागद जेवणाच्या टेबलावर फुलदाणीखाली पडून आहे आणि विचारलं की ‘बघू’ म्हणतात. तेव्हा तुम्ही मोठी बहीण या नात्यानं त्यांना दोन खरमरीत ओळी लिहाव्यात आणि सही करायला लावावी, यासाठी हे पत्र. ते जावेत असं मला का वाटतं ते खाली सविस्तर लिहिते. वाचून झाल्यावर तुम्ही स्वतः येऊन त्यांची बॅग भराल.

छत्तीस वर्षं हा माणूस वजनमापे खात्यात निरीक्षक होता, हे तुम्हाला सांगायला नको. यांनी दुकानात पाऊल टाकलं की दुकानदाराचा हात काट्यावरून आपोआप मागं जायचा. निवृत्त झाले आणि शहरातले सगळे काटे सुटले, आमचं घर सापडलं. पहिल्या आठवड्यात पाव वजन करून बेकरीला पत्र गेलं. दुसऱ्या आठवड्यात दुधाच्या पिशवीत सहा मिलिलिटर कमी निघालं. तिसऱ्या आठवड्यात माझी मोजपट्टी. वीस वर्षं वापरातली, दिवसाकाठी माझ्या गळ्यात मंगळसूत्राहून जास्त वेळ असलेली ती पट्टी मीटरमागे तीन मिलिमीटर चुकते असं सिद्ध झालं आणि माझ्याच कात्रीनं तिचे चार तुकडे करून, पाकिटात घालून, वर तारीख टाकून ते कपाटात ठेवण्यात आले. वीस वर्षं मी इथल्या लोकांच्या पँटी शिवते आहे, वन्सं. आजवर कुणाची पँट गळून पडल्याचं ऐकिवात नाही.

त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला आणि तुम्ही म्हणालात, त्याला काहीतरी छंद लावून दे, आमच्याकडे माशांची मोठी काचेची टाकी रिकामी पडली आहे, पाठवते. तुमचा हेतू चांगला होता, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. माझ्या डोळ्यांसमोर काय होतं, तर चार छोटे मासे, एक प्लास्टिकचं झाड आणि सकाळ-संध्याकाळ चिमूटभर खाणं. पण तुमच्या बंधूंनी कुठंतरी वाचलं की गोड्या पाण्यातले मासे कुणीही पाळतं, समुद्राच्या पाण्यातले पाळायचे तर रोज सगळं मोजावं लागतं. खारेपणा मोजायचा, तापमान मोजायचं, पाण्यात काय काय विरघळलंय ते मोजायचं. एवढं मोजायचं आहे म्हटल्यावर ते हरखून गेले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांनी दाढी सकाळी सातच्या आत केली.

आधी टाकीचं वजन. काच, पाणी, वाळू, दगड, खालचं लाकडी टेबल, सगळं धरून तीनशे चाळीस किलो. एवढं ओझं घरातल्या एकाच भिंतीशी ठेवणं सुरक्षित आहे, असं निघालं. त्या भिंतीशी खिडकी आहे आणि त्या खिडकीच्या उजेडात माझं शिवणयंत्र होतं. ‘होतं’ लिहिलंय, लक्षात घ्या. आता ते न्हाणीघर आणि कपाट यांच्यामधल्या बोळात आहे, आणि मी दार उघडून शिवते कारण दार लावलं तर कोपर हलत नाही. तुमचे बंधू सरळमार्गी, त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना त्यांनी रीतसर लेखी कळवलं की आपल्या पलंगाच्या बरोब्बर वर उद्यापासून तीनशे चाळीस किलो येत आहेत, काळजीचं कारण नाही. त्या बिचाऱ्यांनी पलंग आधी डावीकडे सरकवला, मग दोन दिवस आपल्याच दवाखान्यातल्या खुर्चीत झोप काढली आणि तिसऱ्या दिवशी वर येऊन पाणी नक्की किती भरणार ते विचारलं. अर्धीच भरा, असं त्यांचं म्हणणं होतं. तेव्हापासून ते दर दोन-तीन दिवसांनी येतात, टाकीकडे न बघता खाली फरशीकडे बघतात, चहा घेतात आणि जातात.

मग पाणी. नळाचं चालत नाही. फिल्टरमधून थेंब थेंब पडणारं चालतं, आणि असं सव्वादोनशे लिटर हवं. चार दिवस आमच्या घरातली प्रत्येक बादली, पातेलं, डबा, फुलदाणीसुद्धा, पाण्यानं भरलेली होती आणि आम्ही दोघं वाटीनं तोंड धूत होतो. मग त्यात मीठ. तेही स्वयंपाकाचं नाही, समुद्राचं म्हणून वेगळं मिळतं. आठ किलो मीठ त्यांनी आपल्या जुन्या पितळी तराजूवर शंभर-शंभर ग्रॅमनं तोललं. एका पातेल्यात ते पाणी तयार करून ओट्यावर ठेवलं होतं, वर झाकण. ते साधं फिल्टरचं पाणी आहे असं समजून मी त्यात भात लावला. (मीठ घालायची गरज नाही एवढं तरी मला कुणी सांगायचं होतं.) जेवायला बसलो. त्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, सावकाश चावला आणि म्हणाले, “पस्तीस.” लिटरला पस्तीस ग्रॅम, अगदी अचूक. एवढ्या आनंदानं त्यांनी माझ्या हातचं काही खाल्लेलं मला आठवत नाही.

हे मीठ, दगड, पंप वगैरे जिथून आणलं ते मासेवाले म्हणजे एक स्वतंत्र प्रकरण आहे. गृहस्थ गोल, बोलणं मऊ, पण ते माशांशी, गिऱ्हाइकावर ओरडतात. तुमचे बंधू दुकानात शिरले आणि मासेवाल्यांच्या हातातली जाळी गळून पडली. कारण असं की अकरा वर्षांपूर्वी या गृहस्थांचं धान्याचं दुकान होतं आणि यांनी त्यांचा काटा जप्त केला होता. त्या धक्क्यानं त्यांनी धान्य सोडलं आणि खूप विचार करून माशांचा धंदा काढला, कारण हे मासे नगावर विकले जातात, वजनावर नाही. अकरा वर्षं सुखात गेली, आणि आता तोच निरीक्षक समोर उभा राहून विचारतो आहे की खारेपणा मोजायचं मापक दाखवा. त्यांनी तीन मापकं काढून ठेवली. यांनी तिन्ही एकाच भांड्यात बुडवली. तिन्हींनी तीन आकडे दाखवले. मासेवाले खाली बसले.

टाकीत पाणी आलं, वाळू आली, दगड आले (मासेवाले त्याला ‘जिवंत दगड’ म्हणतात, त्यात बारीक जीवजंतू असतात म्हणे, मला ते दगडासारखेच दगड दिसले), आणि आता मासे येणार म्हणून मी खुर्ची ओढून बसले, तर कळलं की मासे दीड महिन्यानं. आधी पाण्यात एक कोळंबी टाकून ती कुजू द्यायची. तिच्या घाणीवर चांगले जंतू वाढतात, ते वाढल्यावर पाणी राहण्याजोगं होतं, मग मासे. म्हणजे बघा, माझी भिंत गेली, उजेड गेला, घरातली बादली न् बादली गेली, आणि त्या बदल्यात दिवाणखान्यात एक मेलेली कोळंबी आली. येणारे-जाणारे टाकीसमोर उभे राहून मासे शोधायचे. आम्ही सांगायचो, नाहीत. मग ते विचारायचे, कधी गेले?

रोज सकाळी ते काचेच्या नळ्यांत पाणी घेऊन त्यात थेंब टाकतात, पाण्याला रंग येतो आणि तो रंग एका छापील पट्टीशी जुळवून आकडा काढायचा. इथं तुमचे बंधू अडले. वजनात त्यांना कुणी फसवू शकत नाही, पण हिरव्या रंगाच्या सहा छटा समोर आल्या की त्यांना सगळा हिरवाच दिसतो. तीन दिवस त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. चौथ्या दिवशी नळी घेऊन माझ्या बोळात आले आणि म्हणाले, “अगं, हा कुठला?” मी एका नजरेत सांगितलं, पोपटीच्या पुढचा, शेवाळीच्या अलीकडचा, म्हणजे तुमचा चौथा. आयुष्यभर कापडाला दोरा जुळवते मी, मला त्यात काय. त्यांनी वहीत आकडा लिहिला आणि पुढच्या रकान्यात माझी सही घेतली. वन्सं, एकतीस वर्षांत या माणसानं मला ‘कुठला’ असं खरोखरचं उत्तर ऐकायला विचारलं नव्हतं. साडी घेताना विचारतात, पण ते दुकानातून लवकर निघायला. मला बरं वाटलं, हे कबूल करते. पण ते तेवढ्यापुरतंच.

कारण पुढच्याच आठवड्यात कोळंबी नाहीशी झाली. एक नग, नऊ ग्रॅम, वहीत नोंद असलेली. दुसरी टाकली, तीही गेली. आता घरात माणसं किती? दोन. त्यातला एक निरीक्षक. मग संशयित कोण राहतं, ते तुम्हीच बघा. मला घरात वास सहन होत नाही, हे मी पूर्वी दोनदा बोलले होते आणि ते दोन्ही वेळा तारखेसह लिहून ठेवलेलं निघालं. तुमच्या बंधूंकडे खात्यानं बाद केलेली सील मारायची जुनी पकड आहे, निवृत्तीच्या वेळी आठवण म्हणून मागून आणलेली. ती बाहेर आली. टाकीच्या झाकणाला तार, तारेला शिशाचं सील, सीलवर खूण. रोज सकाळी स्वतःचं सील स्वतः तोडायचं, पाणी तपासायचं, कमी झालं असेल तेवढं भरायचं आणि नवं सील मारायचं. तिसरी कोळंबी सीलबंद टाकीत ठेवली. दुसऱ्या दिवशी सील शाबूत, माल कमी.

मग पंचनामा झाला. थट्टा करत नाही, खरंच झाला. पंच म्हणून दातांचे डॉक्टर आणि मासेवाले. डॉक्टर पूर्ण वेळ फरशीकडे बघत होते आणि मासेवाल्यांनी, कागद समोर आल्याबरोबर, न वाचता सही केली आणि मग विचारलं की काटा कुठला. नंतर माझा जबाब. काल दुपारी दोन ते चार आपण कुठं होता? मी म्हटलं, बोळात, तुमच्याच पँटीची चेन बदलत होते. याला साक्षीदार? मी म्हटलं, पँट. हे त्यांनी लिहून घेतलं. मी सही केली नाही आणि दोन दिवस बोललेही नाही. लोकांना सांगताना मी हे हसत सांगते, पण तुम्हाला खरं लिहिते, मला लागलं ते. इतक्या वर्षांत त्यांनी मला कंजूष म्हटलं, विसरभोळी म्हटलं, तुमच्यासमोर एकदा हट्टीही म्हटलं, पण खोटं बोलतेस असं कधी म्हटलं नव्हतं. आणि आता म्हटलं ते एका कोळंबीपायी.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते बँकेत गेले होते. बोळात उकडत होतं म्हणून डॉक्टरांच्या कोटाचं अस्तर घेऊन मी टाकीपाशी बसले. टाकीवरचा दिवा बंद, पडदा ओढलेला, म्हणजे पाण्यात अंधारच. तेवढ्यात मोठ्या दगडाच्या भोकातून एक नांगी बाहेर आली. मग दुसरी. मग कोटाच्या बटणाएवढा एक खेकडा तिरपा तिरपा बाहेर आला, उरलेल्या कोळंबीचा तुकडा तोडला, आत नेऊन ठेवला आणि दुसऱ्या तुकड्यासाठी परत आला. तो दगडातूनच आमच्या घरी आला होता. सील मारलं तेव्हा चोर आत होता. माझ्या मनात पहिला विचार आला तो, मी सुटले. दुसरा विचार, की किती नीटनेटका खातो हा. अर्धा तास मी अस्तर हातात घेऊन बसून राहिले, एक टाका घातला नाही.

हे घरी आले तेव्हा मी बोट दाखवलं, बोलले नाही. (अबोला चालू होता, तो एकदम मोडायला मी काय एवढी हलकी नाही.) त्यांनी वाकून पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग पंचनाम्याचा कागद काढला आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं: प्रकरण निकाली. संशयित व्यक्ती निर्दोष. झालेल्या त्रासाबद्दल खेद आहे. खाली सही, तारीख, वेळ. तोंडानं एक शब्द नाही. पण लेखी आहे, वन्सं! तो कागद मी जपून ठेवला आहे. मासेवाले म्हणाले की खेकडा काढायलाच हवा, नाहीतर तो माशांवर हात टाकेल. मग ग्लासात आमिष ठेवून तो ग्लास दगडाला टेकवायचा आणि खेकडा आत घसरला की उचलायचा, असं ठरलं. सहा दिवस खेकडा आत गेला, जेवला आणि वर चढून घरी गेला. सातव्या दिवशी सापडला. त्याची विल्हेवाट लावली.

आता वाटलं, संपलं. तर खारेपणा वाढायला लागला. मापकावर एक पूर्णांक शून्य दोन पाच हवं, त्यातला शेवटचा पाच सहा झाला, सात झाला, आठ झाला. तुमच्या बंधूंचा निर्णय तयार होता, मापक खोटं. मासेवाल्यांना लेखी नोटीस गेली. त्यांनी घाबरून दुसरं मापक पाठवलं, त्यावरही आठ. तिसरं, तेही आठ. यांचं म्हणणं, मी पाणी रोज मोजून भरतो, जेवढं कमी तेवढं, आणि तेही पस्तीस ग्रॅमचं खारं, काट्यावर तोललेलं, तेव्हा माझी चूक असूच शकत नाही. मी तेव्हा इस्त्री करत होते. इस्त्रीतलं पाणी संपलं की आत पांढरं किटण उरतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मी इस्त्री उलटी करून दाखवली आणि म्हटलं, “अहो, वाफ होते ती पाण्याची. मीठ कुठं उडून जातं?” म्हणजे कमी झालेलं फक्त पाणी होतं आणि हे महिनाभर त्याच्या जागी मीठ-पाणी ओतत होते. छत्तीस वर्षं त्यांचा एकच नियम, जेवढा माल कमी तेवढा भरून द्या. तो नियम इथं त्यांच्याच अंगाशी आला.

त्यांनी वहीतले महिनाभराचे आकडे पुन्हा पाहिले. मग शर्ट बदलला आणि दुकानात गेले. मीही गेले, कारण यांचा चेहरा मला बरा दिसेना. मासेवाल्यांसमोर उभे राहून ते म्हणाले, नोटीस माझी चूक होती, मागं घेतो. या माणसानं नोकरीत एकही नोटीस मागं घेतलेली नाही, तुम्हाला माहीत आहे. मासेवाल्यांनी हातातली जाळी खाली ठेवली. मग त्यांनी हळूच, आशेनं विचारलं, “साहेब, म्हणजे तेव्हाचा तो माझा काटासुद्धा...?” हे म्हणाले, “नाही. तो काटा खोटाच होता.” मासेवाल्यांनी मान हलवली. मग दोघांनी मिळून दोन मासे निवडले, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले, आणि मासेवाल्यांनी पिशवीत पाणी भरताना ते जरा जास्तच भरलं.

मासे परवा घरी आले. पिशवीतून एकदम टाकीत सोडायचे नसतात, टाकीचं पाणी थेंबाथेंबानं पिशवीत सोडत दोन तास बसावं लागतं. एक नळी त्यांनी धरली आणि एक पिशवी मी. हात अवघडले. मध्येच डॉक्टर आले आणि पहिल्यांदाच त्यांनी मान वर करून टाकीकडे पाहिलं.

तर हे असं आहे. हा माणूस घरी राहिला तर मला उजेड नाही, बादली नाही, मोजपट्टी नाही, आणि दर पंधरा दिवसांनी जबाब द्यावा लागेल. तिकडे कारखान्यात दिवसाला दोनशे काटे त्यांची वाट बघत आहेत. तेव्हा तुम्ही लगेच पत्र टाका, आणि ते तिकडे रुजू झाले की टेम्पो पाठवून तुमची टाकीही घेऊन जा. माझी भिंत मला परत मिळू दे. यजमानांना नमस्कार, तुमच्या गुडघ्याला शेक द्या, आणि या पत्रातलं तुमच्या बंधूंना काही कळू देऊ नका एवढीच विनंती.

तुमची
भावजय

ता. क. (त्याच दिवशी, संध्याकाळी) टेम्पोची घाई करू नका. धाकटा मासा नीट खात नाहीये, अशात हलवणं बरं नाही. शिवाय खेकड्याबद्दल वर लिहिलं ते अर्धवट आहे. विल्हेवाट म्हणजे एका मोठ्या बरणीत ठेवलाय, बोळात, माझ्या यंत्राशेजारी. छोटा पंप यांनीच लावून दिला. वजन चार ग्रॅम. मी मशीन चालवते तेव्हा तो बाहेर येऊन बसतो.

ता. क. (तेवीस तारीख) पत्र टाकायचं राहून गेलं, आणि आता त्यातल्या खरमरीत ओळींची गरज उरली नाही. परवा रात्री जेवण झाल्यावर त्यांनी फुलदाणी उचलली, कागदावर सही केली आणि म्हणाले, “तुला तुझी भिंत हवी आहे ना.” मी ‘बरं’ म्हटलं. दुसरं काय म्हणणार, दोन महिने तेच तर म्हणत होते. काल दिवसभर बसून त्यांनी टाकी सांभाळायच्या सूचना लिहिल्या. चार पानं, एकोणतीस कलमं. कलम अकरा असं आहे: रंगाबाबत शंका आल्यास निरीक्षकाचं मत अंतिम मानावं. मी विचारलं, निरीक्षक कोण, तर सील मारायची पकड माझ्या हातात दिली. जड आहे हो ती. कुरिअरचं ऑफिस माझ्या दोऱ्याच्या दुकानाला लागूनच आहे, म्हणून सही केलेला कागदही त्यांनी त्याच रात्री माझ्याकडेच दिला आहे.

ता. क. (दोन तारीख) वन्सं, आता खरं काम सांगते. मुदत संपली. मी तीनदा दोऱ्याच्या दुकानात गेले. पांढरा आणला, करडा आणला, लागत नसताना जांभळा आणला. तिन्ही वेळा कागद पर्समध्ये गेला आणि पर्समध्येच परत आला. मला ते जायला नको आहेत. हे वरच्या एवढ्या पानांत मला लिहिता आलं नाही, तेव्हा आता लिहिते. तर कारखान्यात काय सांगायचं, ते यजमानांना तुम्हीच सुचवा. त्यांनी शब्द टाकला होता, त्यांच्यासमोर उभं राहायचं मला धाडस नाही. कागद वाटेत गहाळ झाला म्हणा, भावजय वेंधळी आहे म्हणा, मला काही वाटणार नाही.

आणि तुमच्या बंधूंना मी फसवलं असं समजू नका. मी दोऱ्याचं एक रीळ आणलं तरी हा माणूस पावती मागतो, तारीख बघतो आणि ती फायलीला लावतो. एवढा मोठा कागद कुरिअर करायला माझ्याकडे दिला, त्याला आज बारा दिवस झाले. त्यांनी मला पावती विचारलेली नाही.